एकतीस सेंटिमीटरचा चौक

चीनमधल्या हफेई शहराच्या दक्षिण टोकाला वसंत-सरोवर आणि शरद-सरोवर या दोन वसाहती आहेत. दोन्हींच्या मधल्या कुंपणाला लोखंडी गज अकराशे बारा, पहारेकरी सहा, दारं शून्य, वाकलेला गज एक. सरोवर कुठेच नाही.

वाकलेल्या गजापाशी एकतीस सेंटिमीटरची फट होती. आमच्या वसंत-सरोवरातल्या छ्यू मावशी रोज तिच्यातून पलीकडे जात: आधी डबा, मग पोट, मग मावशी. पलीकडे त्यांची लेक युनशिन बाळंत झाली होती, आणि बाळंतिणीने महिनाभर थंड काही पोटात घ्यायचं नसतं. माशाचं सूप चाळीस मीटर चालून पोहोचे. मी मोजलं, चौऱ्याहत्तर अंश.

मी नगररचना कार्यालयात रस्त्यांची जोडणी, म्हणजे चौकांची संख्या, मोजते. फट अहवालात लिहिली.

"म्हणजे हा चौक झाला," तुंग साहेब म्हणाले.

"साहेब, एक गज वाकलाय फक्त."

"चौकाला किमान रुंदी चार मीटर. अग्निशामक गाडी जाते?"

"छ्यू मावशी जातात. तिरक्या होऊन."

"म्हणजे सदोष चौक."

दुसऱ्या दिवशी गज सरळ करून वेल्डिंग झालं. शहरातला एक सदोष चौक कमी झाला. शहराबाहेरच्या मोहरीच्या शेतांत त्याच आठवड्यात चौसष्ट निर्दोष चौक तयार झाले आणि शहराची जोडणी नऊ टक्क्यांनी सुधारली. तिथे सध्या बदकं राहतात.

"तुझी मोजपट्टी बघूनच मला धडकी भरली होती, पोरी," मावशी म्हणाल्या.

मी नियम शोधला. दोन्ही वसाहतींनी मतदान करून संमती दिली, तर कुंपणात रीतसर दार होऊ शकत होतं. मोबाइलवर दोन प्रश्न आले. शरद-सरोवराने आपल्यासाठी दार उघडावं का? आमच्या सहाशे अकरा घरांपैकी सहाशे अकरा हो. आपण त्यांच्यासाठी उघडावं का? सहाशे अकरा नाही. पलीकडचा निकालही असाच, फक्त घरं चार जास्त.

"मावशी, तुम्हीसुद्धा नाही म्हणालात?"

"अगं, ते लोक आपल्या बागेत कुत्री फिरवतील. युनशिन काय, महिना सरला की येईलच. तिच्यापायी बाकीचे कशाला?" मग डबा टॉवेलात गुंडाळत त्या म्हणाल्या, "आणि सहाशे अकरात तुझं घर धरलंय ना?"

माझी खिडकी त्या कुंपणावरच उघडते.

मी त्यांच्याबरोबर मुख्य दारातून, हमरस्त्याने, उड्डाणपुलाखालून निघाले. अंतर दोन हजार सातशे चाळीस मीटर. पोहोचल्यावर सूप: अडतीस अंश.