सोलापूरचं आभाळ

वसईत आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलेलं असलं, तरी भाऊकाका सकाळी उठून पहिला फोन सोलापूरला लावतात आणि विचारतात, "आभाळ कसं आहे?"

भाऊकाका आमचे शेजारी. केळीची वाडी आहे, काकी गेल्या, आणि एकुलती एक लेक शैला कृत्रिम पाऊस पाडणाऱ्या विमानात बसते. ढग आले की ते विमान मीठ सोडायला वर जातं. ढग नसले की पोर सोलापूरच्या लॉजवर सुखरूप. भर पावसाळ्यात दुष्काळी भागावर आभाळ निरभ्र असावं, असं मनापासून वाटणारा हा एकच इसम असेल.

"मीठच टाकायचं तर आपली मिठागरं काय वाईट होती?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी म्हणते, "काका, तिकडे पाणी नाही." "कळतं गं मला," म्हणतात आणि पुन्हा टीव्हीवरचं हवामान बघत बसतात. विजेचं चित्र दिसलं की ताट बाजूला.

लॉजच्या मॅनेजरला त्यांनी वाडीतल्या केळ्यांची सुकेळी पाठवून फितवलंय. तो बिचारा रोज ढगांची खबर देतो. परवा मी तिथेच होते, फोन स्पीकरवर होता.

"आभाळ मोकळंय बघा, काका."

"वा, फार छान झालं," काका बोलून गेले.

मॅनेजर म्हणाला, "गावाकडं आमची तूर करपली, काका."

काकांचा चेहरा पडला. वाडीवाला माणूस, त्यांना करपणं समजावून सांगावं लागत नाही. दिवसभर टीव्ही लावला नाही. संध्याकाळी देवापुढे उभे राहून म्हणाले, "येऊ देत ढग. फक्त तिला सांभाळ."

काल ढग आले. दुपारी शैलाचा "निघते" एवढाच मेसेज आला आणि काका फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. मी नेलेला चहा गार झाला. एरवी मीच त्यांची चेष्टा करते, काल मीही त्यांच्याशेजारी बसून राहिले.

अंधारायला लागल्यावर फोन वाजला. मॅनेजर होता. "काका, पाऊस आला. ऐका." त्याने फोन बाहेर धरला असावा, नुसता धो धो आवाज.

"शैला कुठंय?" काका ओरडलेच.

"आत्ताच आल्यात. अंगणात भिजत उभ्या आहेत. आत या म्हटलं तरी ऐकेनात."

काकांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

"हाताला धरून आत आण रे तिला," ते म्हणाले. "लगेच खोकला होतो तिला."