रिकाम्या घराचा आवाज

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कोणी तुमच्या घरी येऊन "जरा कूलर बंद करा" म्हणालं, तर तो एक तर तुमचा वैरी असतो, नाही तर आमचे शेजारी लांजेवार.

"थांबा, थांबा. आयका," म्हणत ते खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभे राहतात. हातात मांजराच्या शेपटीसारखा केसाळ माइक. आपण घामानं निथळत असतो आणि हे गृहस्थ आपल्या भिंतीवरच्या पालीची चुकचुक टिपत असतात. एकदा वैतागून मी विचारलं, "लांजेवार, तुमच्या घरी पाल नाही का?"

"आहे ना गा भाऊ. पण तिचा आवाज जाडा आहे."

लांजेवार सिनेमाचे आवाज करतात. म्हणजे पडद्यावर चालतो तो नट, पण त्याच्या चपलेचा आवाज लांजेवारांचा. मुंबईत बरीच वर्षं त्यांनी हेच केलं, मग बस्तान उचलून गावी आले आणि मागच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून तिथं कामाला बसले. कळमन्याच्या बाजारातून ते टरबुजं आणतात ती खाण्यासाठी नव्हे, हाणण्यासाठी. पडद्यावर कोणाचं डोकं फुटायचं असलं की इकडे टरबूज फुटतं. संध्याकाळी त्यांच्या पत्नी, कुंदावहिनी, वाडगाभर फोडी घेऊन दारात उभ्या. "घ्या, आज व्हिलन मेला." आमच्या घरी उन्हाळाभर व्हिलन खाल्ले जातात.

पण लांजेवारांचा खरा जीव शांततेवर. सिनेमावाल्यांची एक रीत आहे म्हणे. शूटिंग आटोपलं की सगळ्यांनी जागच्या जागी मिनिटभर गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता टिपून घ्यायची. पुढे संवादांच्या मधल्या फटींत ती भरतात. "खोलीगणिक शांतता वेगळी रायते भाऊ," लांजेवार सांगतात. "माणूस असलेली वेगळी, नसलेली वेगळी."

ही रीत त्यांनी आमच्या सोसायटीच्या मीटिंगलाही लावली. पाण्याच्या टाकीवरून हमरीतुमरी चालू असताना हे उठले आणि म्हणाले, "एक मिनिट सगळे उभे राहा. बोलू नका." सगळे मुकाट्यानं माना खाली घालून उभे राहिले. मिनिट संपल्यावर अध्यक्षांनी हळूच विचारलं, "कोण गेलं गा?" टाकीचा विषय त्या दिवशी पुढे सरकलाच नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र याच शांततेनं लांजेवारांना कोंडीत पकडलं. एका सिनेमात आईला स्मशानात पोचवून मुलगा घरी परत येतो. संवाद नाही, गाणं नाही, फक्त घर. लांजेवारांनी किती तरी घरांची शांतता पाठवली, वाडीतल्या एका रिकाम्या गोदामाचीसुद्धा. दिग्दर्शक दर वेळी म्हणे, "यात अजून कोणीतरी राहतंय." शेवटी त्यानं निर्वाणीचं सांगितलं, संध्याकाळपर्यंत मिळालं नाही तर काम दुसऱ्याला देणार. आणि इतका मोठा सिनेमा लांजेवारांच्या वाट्याला यापूर्वी आला नव्हता.

नेमकं त्याच दिवशी कुंदावहिनींच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन होतं. दवाखान्यात लांजेवार दिसेल त्या यंत्राच्या टुकटुकीला दचकत होते आणि नर्सला विचारत होते, "हा सूर काहून बदलला?" अखेर मेहुण्यानं हात जोडले. "भाऊजी, तुमी घरी जा. नाही तं ताईच्या आधी मलेच अ‍ॅडमिट करा लागन."

दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. हाताला धरून मला आपल्या घरी नेलं आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवला. आत काहीच नव्हतं. पण ते काहीच नसणं इतकं गार होतं की मी हेडफोन काढून हातात घेतला.

"कुठलं घर हे?"

"हेच," लांजेवार म्हणाले. "आताच टिपलं. ती नाही ना घरात." त्यांनी कीबोर्डवरचं बोट मागे घेतलं. "हेच पाहिजे होतं त्याले. इतकं बरोबर माह्या हातून कधीच नाही झालं. एक बटन दाबाचं आहे, बस. पण भाऊ, हे पाठवलं अन् तिकडे काही झालं तं?"

मी गणिताचा मास्तर. शकुन-अपशकुन मी मानत नाही, वर्गात त्याविरुद्ध भाषणंही ठोकतो. पण टेबलावरचा फोन वाजला तेव्हा आम्ही दोघंही दचकलो. दिग्दर्शक होता. "झालं का?" फोन ठेवला, तोच पुन्हा वाजला. पुन्हा तोच. दवाखान्यातून अवाक्षर नाही, आणि ऑपरेशन तर केव्हाच संपायला हवं होतं.

"पाठवू नका," मी म्हणालो. मी खरोखरच घाबरलो होतो.

पुढचा फोन आला तेव्हा लांजेवार म्हणाले, "नाही जमलं साहेब. द्या दुसऱ्याले." पलीकडचा चढलेला आवाज मला बसल्या जागी ऐकू येत होता. लांजेवारांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग त्यांनी ती शांतता यंत्रातून पुसून टाकली.

"आता बसा थोडं," ते म्हणाले. "बोलू नका काही. नुसते बसा. दोघं असलो म्हंजे घर रिकामं नाही होत."

आम्ही बसून राहिलो. एकमेकांकडे बघायची हिंमत दोघांनाही नव्हती.

मग मेहुण्याचा फोन आला. गाठ निघाली होती, वहिनी शुद्धीवर येत होत्या, डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं होतं. लांजेवारांनी त्याला मध्येच तोडलं. "ते सारं मंग सांग. फोन तिच्याजवळ धर. बोलाले नको लावू तिले. नुसता धर."

ते ऐकत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. वहिनींचा श्वास होता. जड, मधूनच अडखळणारा, आणि मागे कुठं तरी खाट सरकवल्याची घरघर.

"आला आयकू?"

"आला," मी म्हणालो.

लांजेवार तिथंच फरशीवर बसले आणि मोठमोठ्यानं रडले. दार सताड उघडं होतं, जिन्यातून लोक जात-येत होते, पण त्यांनी आवाज आवरला नाही.