झिवादिनकाकांच्या वाढदिवसाची धून

आता हा कॉम्प्युटर आपल्याला निवृत्तीपर्यंत पुरेल, असं मिलुतिनने शनिवारी जाहीर केलं. तिमोक नदीकाठच्या त्या छोट्या सर्बियन गावाच्या रेडिओवर बावीस वर्षं गाणी लावणारा माणूस तो. त्याच्या शब्दाला वजन होतं. मेमरीची नवी पट्टी त्याने स्वतःच्या हाताने बसवली, पेटीचं झाकण लावलं आणि मशीन सुरू केलं. एरवी सतत घरघरणारं मशीन आता अगदी गप्प होतं. शुभेच्छा वाचणाऱ्या देसांकाला ते चमत्कारिक वाटलं.

‘‘त्याला आता दम लागत नाही,’’ मिलुतिन म्हणाला.

रविवारी दुपारी बारा वाजता शुभेच्छांचा कार्यक्रम सुरू झाला. सगळं गाव त्या वेळी रेडिओ लावून जेवायला बसतं. पहिली वीस मिनिटं झकास गेली. मग मशीन हळूहळू सुस्तावू लागलं. बटण दाबल्यावर गाणं लागायला अर्धं-अर्धं मिनिट जाऊ लागलं. नवी मेमरी अजून रुळायची आहे, असं मिलुतिनने देसांकाला समजावलं.

साडेबाराला निधनवार्ता असतात. देसांकाने वरच्या आळीतल्या एका आजीबाईंची बातमी वाचली आणि मिलुतिनने शोकधून लावली. ती लागेना. म्हणून त्याने पुन्हा बटण दाबलं, मग आणखी तीनदा. शेवटी एकदाची धून वाजली, संपली, आणि देसांका शुभेच्छांकडे वळली. व्हिएन्नातल्या एका नातवाने आजोबांच्या वाढदिवसाला ट्रम्पेटवरची दणदणीत नाचाची धून मागितली होती.

‘‘आमचे लाडके आजोबा झिवादिन, वय वर्षं ऐंशी...’’ इतकं तिने वाचलं आणि शोकधून सुरू झाली.

मशीन हळू झालं असलं, तरी एकही आज्ञा विसरलं नव्हतं. राहिलेल्या चारही वेळा त्याने ती धून इमानेइतबारे वाजवायला घेतली. माइकचा आवाजही त्याच मशीनमधून जायचा आणि आता तोही अडकला होता, त्यामुळे देसांका काय ओरडत होती ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मिलुतिनने सरळ मशीन बंद केलं, झाकण उघडलं आणि नवी पट्टी उपटून काढली. रेडिओ सहा मिनिटं मुका होता. गावाने ती श्रद्धांजली समजली.

नवी पट्टी काढूनही मशीन रांगतच सुरू झालं. मिलुतिनने पट्टी पुसली, दुसऱ्या खाचेत बसवली, एकदा उलटी घालायचाही प्रयत्न केला. अखेर देसांकाने पेटीत हात घातला आणि चटकन मागे घेतला.

‘‘अरे, यावर मिरच्या भाजता येतील. आणि पंखा का फिरत नाहीये?’’

पट्टी बसवताना मिलुतिनने एक वायर नीटनेटकी दिसावी म्हणून आत खोचली होती, ती थेट पंख्याच्या पात्यांत. मशीन तापून तापून अर्धमेलं झालं होतं. त्याने वायर ओढून काढली. पंखा घरघरला आणि दहा मिनिटांत मशीन धावू लागलं. मिलुतिनला मशीनच्या नजरेला नजर देववेना.

देसांका खुलासा लिहून वाचायला बसणार, तेवढ्यात दार उघडून खुद्द झिवादिनकाका आत आले. अंगात ठेवणीतला कोट. मिलुतिन उभा राहिला आणि माफी मागू लागला, पण काकांना ऐकायचं नव्हतं. त्यांच्या अंगणात तिथल्या रीतीप्रमाणे दुखवट्याची कॉफी आणि राकिया या फळांच्या दारूच्या बाटल्या घेऊन वीसेक माणसं जमली होती. त्यांचा धाकटा भाऊ ओब्रेन टोपी हातात घेऊन रडत आला होता. बांधावरच्या अलुबुखाराच्या झाडावरून अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. काकांना जिवंत बघून तो मटकन पायरीवर बसला, त्यांना आईवरून शिवी दिली आणि मग वाढदिवसाचं कोकरू दोन ताटं खाल्लं.

‘‘ओब्रेन अजून तिथेच आहे,’’ काका म्हणाले. ‘‘झाडाचा विषयसुद्धा काढला नाही.’’

‘‘आम्ही आत्ताच खुलासा वाचतोय, काका,’’ मिलुतिन म्हणाला. ‘‘मशीन दुरुस्त झालं.’’

काकांनी मशीनकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

‘‘बातमी कळून आमची बहीण निश शहराहून एकच्या बसने निघालीय. तीही नऊ वर्षं आली नव्हती. संध्याकाळपर्यंत बिघडलेलंच असू दे की.’’