तळपायाची परीक्षा

रक्ततपासणी आजार शोधण्यासाठी नसते, पास होण्यासाठी असते, हे सोलापुरात कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. निवृत्त मुख्याध्यापक चनबसप्पा तर तपासणीआधी तीन दिवस रीतसर अभ्यास करत. कोरडी भाकरी, बिनसाखरेचा चहा, संध्याकाळी तलावाला दोन फेऱ्या. चौथ्या दिवशी निकाल लागला की शेंगापोळी. सात वर्षांत चौदा तपासण्या, निकाल शंभर टक्के. (प्रेशरची गोळीही त्या तीन दिवसांतच, बाकी वर्षभर तिला सुट्टी.)

डॉक्टर काव्या ही त्यांचीच विद्यार्थिनी. तिने समजावलं, की साखर आणि प्रेशर मिळून रक्तवाहिन्यांना आतून गंज चढवतात, याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, आणि वय आपल्या परीने हातभार लावतंच. चनबसप्पांना पटलं. गंजावर उतारा म्हणून त्यांनी आवळ्याचा रस सुरू केला आणि त्याच्या भरवशावर एकाच्या दोन शेंगापोळ्या केल्या. तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी मात्र त्यांनी अभ्यासक्रमाबाहेरची म्हणून नाकारली.

मग साखरेने पाय बधिर झालेत का ते बघायला काव्याने त्यांना डोळे मिटायला सांगितले. तळपायाला बारीक दोरा टेकवणार, लागला की सांगायचं. लागेना. ज्या माणसाने चाळीस वर्षं पोरांच्या बाहीतून चिठ्ठ्या काढल्या, त्याने पापणी किंचित उचलली आणि दहापैकी दहा वेळा बरोबर "हो" म्हटलं. सरांवर संशय घ्यायचा नसतो, हे काव्याला सरांनीच शिकवलं होतं.

एप्रिलच्या उन्हातून विजयी मुद्रेने चनबसप्पा घरी आले आणि खुर्चीत टेकले. गौरम्मांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"अवो, एक चप्पल कुटं हाय?"

"हाय की पायात," ते म्हणाले, खाली न बघता.

गौरम्मांनी फरशीकडे बोट दाखवलं. उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत एकाच पायाचे लाल ठसे उमटले होते. तळव्यात काच रुतली होती आणि पायाला त्याचा पत्ता नव्हता. चनबसप्पा घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा, निकालाला नव्हे, आजाराला घाबरले.

गौरम्मांनी पट्टी बांधून त्यांना रिक्षात घातलं. दवाखान्यात शिरताच ते उभ्याउभ्याच म्हणाले, "काव्या, माझे डोळे उघडे होते. नापास कर मला."

तिने केलं. तपासण्यांच्या कागदावर सगळ्यात वर तीन महिन्यांची साखर लिहिली.

वाचकहो, तुम्ही ठणठणीत आहात, याबद्दल आम्हाला शंका नाही. आत्ता तुम्ही चपलेतला अंगठा हलवून बघितलात, तो हललाही. बघताना डोळे उघडे होते, एवढीच नोंद केली आहे.