तीन पिंपं आणि नाताळची चांदणी

घरची बिअर पिंपात किती दिवस ताजी राहते, ते मला विचारा! मी त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केलाय. म्हणजे, करायला घेतला होता.

आमच्या सासूबाई, क्रेसेन्झ, चाळीस वर्षं घरची बिअर करतात. त्यांचं मत ठाम: सहा आठवडे, पुढे मोरीत ओता. मी म्हटलं, पिंप स्वच्छ धुतलं, हवा शिरू दिली नाही आणि तळघरात थंड ठेवलं, तर तीन महिने चव हलणार नाही. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तीन महिन्यांनी ती मला ताजी लागली, तर माझा दांडा तुमचा."

दांडा म्हणजे बिअर ढवळायचा लाकडी दांडा. तो ज्याच्या हाती, बिअरच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा. मी बारा वर्षं भट्टीसाठी नुसती लाकडं फोडतोय!

सप्टेंबरअखेर तीन पिंपं भरली आणि तळघराला कुलूप घातलं. मुहूर्त नाताळचा.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी माझी बायको, वाल्बुर्गा, म्हणाली की नाताळची चांदणी खिडकीत लावा. खिडकीचा हुक तुटलेला. हात्तिच्या, दारावरची सळई रिकामी होती की! बाराच्या सुमारास मी तिथे चांदणी टांगली आणि हात झटकले.

दहा मिनिटांत शेजारचा उर्बान आत आला, टोपी काढली आणि टेबलाशी बसला. पाठोपाठ त्याचे दोन भाऊ. मग चर्चमधून सुटलेली अर्धी गल्ली. मी विचारलं, काय काम काढलंत?

"काम कसलं? चांदणी लावलीस ना?" उर्बान म्हणाला.

मी दाराकडे पाहिलं आणि घोळ लक्षात आला. आमच्या गावात दारावरच्या सळईला चांदणी लागली की अर्थ एकच: या घरची बिअर तयार आहे, आत या. आणि आलेल्याला परत धाडलं, तर पुढच्या तीन पिढ्यांना ऐकून घ्यावं लागतं. वाल्बुर्गा सॉसेज कापायला बसली आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने तळघराची किल्ली काढली.

पहिलं पिंप अर्ध्यावर आलं तेव्हा सासूबाई काठी टेकत आल्या. वास घेतला, अर्धा ग्लास रिकामा केला.

"बरी जमलीय. गेल्या आठवड्यातली का?"

मी टेबलावर चढायचाच बाकी होतो! "दहा आठवड्यांची आहे!"

उर्बान ग्लास खाली ठेवून म्हणाला, तरीच पुठ्ठ्यासारखी लागत होती. एका भावाच्या पोटात कळ आली, दुसऱ्याने डोकं धरलं. तीन-तीन ग्लास रिचवलेली माणसं ही!

सासूबाई मात्र शांत. एका ग्लासात कळत नाही म्हणाल्या, दुसरा घेतला. मग म्हणाल्या, हे पिंप दाराजवळचं, आतल्याची चव निराळी असेल. तेही आणलं. निकाल लांबतोय म्हटल्यावर बाकीच्यांची पोटंही बरी झाली आणि जो तो मत द्यायला ग्लास पुढे करू लागला. मी जिंकायच्या नादात ओततच राहिलो. सहाच्या ठोक्याला तिसऱ्या पिंपातून नुसता फेस आला.

सासूबाई उठल्या, काठी घेतली. "पण आपलं तीन महिन्यांचं ठरलं होतं ना, जावईबापू? नाताळला द्या एक ग्लास, मग सांगते."

तर घरची बिअर पिंपात किती टिकते? चांदणी लावल्यापासून सहा तास.

लाकडं अजून मीच फोडतो.