काळजीची वेळ

टर्र्र्र... स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर वाजला आणि घरातली शांतता मोडली. सोफ्यावर डोळे मिटून बसलेल्या तिघींनी, बिट्टीने, तिच्या आईने आणि आजीने, एकदमच डोळे उघडले.

"झाली," बिट्टी म्हणाली. "आता उद्या पाच वाजेपर्यंत काळजी बंद."

"अगं, माझी अर्धीच झाली होती," आजी कुरकुरली.

"उरलेली उद्या कर. नियम म्हणजे नियम."

नियम आईचाच होता. मागच्या वर्षी ओढ्याचं पाणी तळमजल्यावरच्या या घरात शिरलं आणि तेव्हापासून सहा वर्षांच्या बिट्टीची झोप उडाली. नळ ठिबकला तरी ती दचकून उठायची, "आलं?" आई मानसशास्त्र शिकलेली, पूरग्रस्तांना धीर देणं हीच तिची नोकरी. पण लेकीपुढे तिच्या पदवीने केव्हाच हात टेकले होते. शेवटी तिने हा उपाय काढला. दिवसभरात काळजी आली, की तिला सांगायचं, 'पाच वाजता ये.' पाच वाजता टायमर लावून दहा मिनिटं पोटभर काळजी करायची, आणि उठण्याआधी आपल्याला जमेल असं एक छोटंसं काम ठरवायचं. पावसाने वेळ पाळणं कधीच सोडलं होतं. निदान काळजीने तरी पाळावी.

काही दिवसांतच बिट्टी रात्रभर गाढ झोपायला लागली. तिचं पांघरूण सारखं करता करता आई थोडी रडली. पण ते पाचच्या वेळेबाहेरचं असल्यामुळे तिने कुणाला सांगितलं नाही.

आजीच्या पोटात मात्र काही राहत नसे. तिने जिन्यात सांगितलं आणि बातमी गच्चीपर्यंत पोचली. झोप सगळ्यांचीच उडालेली होती. सेक्रेटरींनी लगेच सभा बोलावली. आईने उपायाचा पहिला भाग समजावला, लोकांनी माना डोलावल्या, आणि नेमका तेव्हाच चहा आला. 'एक काम ठरवा' हा दुसरा भाग कपबश्यांच्या खणखणाटात वाहून गेला.

दुसऱ्या दिवसापासून अख्खी इमारत पाच वाजता अंगणात काळजीला जमू लागली. खुर्च्या आल्या, मागोमाग बिस्किटं आली. कुणी मुलाच्या परीक्षेची काळजी काढली, तर सेक्रेटरी दटावायचे, "इथं फक्त पाण्याची! खासगी काळज्या घरी करा." दहा मिनिटं झाली, की मंडळी हलक्या मनाने वर जायची आणि रात्री घोरायची.

"अहो, गटाराची जाळी तुंबलीय," आईने एकदा सेक्रेटरींना सकाळीच गाठलं.

"पाचला घेऊ."

"काळजीला नका घेऊ हो, साफ करायला घ्या!"

"बाई, तुम्हीच शिकवलंत आणि तुम्हीच सकाळी सकाळी सुरू करता?"

आई घराकडे वळली. वर्षभराने ही माणसं झोपत होती. त्यांना पुन्हा जागं करायचं तिच्या जिवावर आलं. खरं तर तीसुद्धा झोपत होती.

मग एका कोरड्या महिन्यात, भर दुपारी, आभाळ फाटलं. आई जेवणाच्या टेबलावर 'पूर आणि मनाची तयारी' हा ऑफिसचा अहवाल लिहीत होती. तिची तंद्री लागली होती.

"सूनबाई," आजी दारातून शांतपणे म्हणाली, "माझी चप्पल निघाली."

"कुठं?"

"फाटकाकडे. एकटीच."

आईने बाहेर पाहिलं. अंगण नव्हतंच. वॉचमनकाका स्टुलावर पाय वर घेऊन बसले होते.

"काका! हाक नाही मारायची?"

"मारणार होतो ना, पाचला! काळजी मघाशीच आली होती. मी म्हटलं, पाच वाजता ये. ती ऐकून गेली परत." त्यांनी स्टुलाखाली बघितलं. "हे ऐकेना."

पाणी उंबऱ्यावरून आत आलं. "बिट्टी!" आई ओरडत खोल्या धुंडाळू लागली. पलंगावर नाही, मोरीत नाही. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "आई, मी इथं वर आहे! आजीला घेऊन ये!"

आई आजीला धरून वर आली. पहिल्या मजल्याच्या पायरीवर बिट्टी भलीमोठी पिशवी कवटाळून बसली होती. आईने ती उघडली. आजीच्या गोळ्या, टॉर्च, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली घराची कागदपत्रं, परगावी असलेल्या बाबांचा कुठल्याच फोनला न लागणारा चार्जर, आईचा एक मोजा, आणि टायमर.

"हे कधी भरलंस गं?"

"रोज एक. तू म्हणाली होतीस ना, उठायच्या आधी एक काम ठरवायचं? मी ठरवून करूनही टाकायचे. दुसरा मोजा उद्या भरणार होते."

आईने वरून उतरून आलेल्या सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी छताकडे पाहिलं.

पाच वाजले तेव्हा अख्खी इमारत पायऱ्यांवर दाटीवाटीने बसली होती. खाली पाण्यात तरंगणारा फ्रिज भिंतीला धडका देत होता. आजी प्रत्येक धडकेला म्हणायची, "आत्ताच हप्ते फिटले होते."

"वेळ झाली," सेक्रेटरी सवयीने म्हणाले. "करायची का?"



"आता कशाची करायची?" वॉचमनकाका पुटपुटले. "जी करायची होती, ती येऊन बसलीय."

"मग राहिलेला भाग करू," आई म्हणाली. "एकेकाने एकेक काम सांगा. या वेळी चहा नाहीये."

सेक्रेटरी खाकरले. "जाळी माझ्याकडे." काकांनी पाण्याच्या इशाऱ्याची घंटा घेतली, वेळ न बघता वाजवायची, असंही कबूल केलं. कुणी आजीला रात्री आपल्याकडे नेणार होतं. कामं वाटली जात होती आणि आई खाली बघत होती. पाणी आणखी एक पायरी चढलं होतं.

बिट्टीने पिशवीतला टायमर काढून मांडीवर ठेवला. त्याची चकती दहापर्यंत फिरवली, थांबली, मग टोकापर्यंत फिरवून बघितली. त्यापुढे ती फिरेना.

"आई," तिने विचारलं, "मी तुझ्याएवढी झाले ना, की दहा मिनिटं पुरतील?"