जास्तीचं चाक

नवी विजेची गाडी दारात आली तेव्हा सगळ्यांनी तिचा रंग पाहिला. तान्ह्या बबडीच्या आईने डिकी उघडून तळाचं आच्छादन उचललं. खाली चाक नव्हतं.

"स्टेपनी कुठंय?"

"हल्ली देत नाहीत गं," नवरा म्हणाला. बॅटरीचं वजनच एवढं, वर आणखी चाकाचं ओझं कशाला, शिवाय जागा वाचते, असं त्याने शोरूममधल्या माणसाच्याच शब्दांत समजावलं. चाकाच्या बदली कंपनीने एक डबा दिला होता. आत छोटा पंप आणि पंक्चर बुजवायच्या औषधाची बाटली.

"बबडीला बाहेर न्यायचं तर तीन झबली जास्तीची लागतात, आणि तिला जिच्यात बसवायचं त्या गाडीला एक चाक जास्तीचं नको?"

बबडी पालथी पडायला लागली तेव्हा सुरू झालेला हा वाद ती रांगायला लागली तरी मिटला नव्हता.

आज बबडीच्या आईच्या बाबांची शेवटची फेरी होती. बत्तीस वर्षं बस चालवून उद्यापासून ते घरी बसणार होते. इतकी वर्षं लोकांची नातवंडं पोचवली, शेवटच्या फेरीला आपली नात मागे बसलेली असावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. बस चारची. पावणेचारला, बस डेपो दोन किलोमीटरवर असताना, गाडीचं मागचं चाक बसलं.

नवऱ्याने डिकीतून एकेक पिशवी रस्त्यावर काढली. कपडे, जास्तीचे कपडे, दूध, गरम पाणी, औषधं, आणि सहावीत या पाचांत काही राहिलं असेल तर ते.

"डबा कुठे गेला?"

ती बबडीचा मोजा नीट करण्यात एकदम गुंतली. सहाव्या पिशवीला जागा हवी म्हणून आठ दिवसांपूर्वी तो डबा तिनेच बाबांच्या हाती दिला होता. नवरा कंपनीवर घसरला. मदतीच्या नंबरवरची बाई फार गोड बोलली. माणूस दीड तासात येईल, तोवर डिकीतला डबा वापरून पाहा, म्हणाली.

चार वाजले. आता एकच आशा होती. बस याच रस्त्याने जाणार होती. पण बाबांनी थांबा सोडून कधी बस थांबवली नव्हती, कॉलेजला उशीर झालेल्या स्वतःच्या मुलीसाठीसुद्धा नाही. थांबा दोनशे पावलं मागे होता. तिने बबडीला उचललं आणि पळत सुटली. पिशव्या तिथेच राहिल्या. नवरा हात हलवत पुढे धावला.

बस अगदी थांब्याच्या खांबाशी येऊन उभी राहिली. बाबांनी येताना वाटेत तिरकी झालेली गाडी पाहिली होती. त्यांनी सीटखालून डबा काढून मागून धावत आलेल्या जावयाला दिला.

"घ्या. डिकीत अडचण होते म्हणून हिने दिला होता."

नवऱ्याने डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आत बसते मी," ती म्हणाली. "बाबांना उशीर होतोय."

फेरी संपवून परत डेपोत आल्यावर बाबांनी बस बंद केली आणि थोडा वेळ हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले. मग त्यांनी नातीला खांद्यावर घेतलं. खाली डेपोतली मंडळी फुलं घेऊन उभी होती. तेवढ्यात बबडीने मघाचं सगळं दूध त्यांच्या इस्त्रीच्या गणवेशावर काढलं. स्वतःच्या झबल्यावरही.

तिचा हात सवयीने पिशवीकडे गेला. पिशवी नव्हती. एकही नाही. तिचे डोळे भरून आले.

"रडतेस कशाला?" बाबा सीटमागच्या कप्प्यात वाकले. आतून घडी केलेला गणवेशाचा शर्ट निघाला. त्याच्या घडीत एक पिवळं झबलं होतं.

"मागे आमच्याकडे राहिलं होतं. म्हटलं, असू दे गाडीत."

ती त्या झबल्याकडे पाहतच राहिली. हे जास्तीचं बाळगायचं वेड आपल्यात कुठून आलं, ते तिला आज कळलं.

अर्ध्या तासाने विजेची गाडी डेपोत शिरली. सहाही पिशव्या अंगावर लटकवून, घामाघूम नवरा धावत आला.

"कुठली देऊ?"

"कुठलीच नको," ती म्हणाली. "डबा तेवढा परत डिकीत ठेव."